भिंतीचा पाचवा हिस्सा

आमचं गावाकडचं घर धाब्याचं. सोलापूर जिल्ह्याच्या पूर्वेला, मराठवाड्याच्या कडेला असलेल्या तालुक्याच्या गावांत अशी घरं अजूनही उभी आहेत. दगड-मातीच्या दोन-अडीच फूट जाड भिंती, वर सागवानी तुळया, तुळयांवर लाकडी पट्ट्या, त्यावर पाला आणि सगळ्यांच्या वर पांढऱ्या मातीचा जाड थर. याला आम्ही माळवद म्हणतो. उन्हाळ्यात आत गारवा आणि थंडीत ऊब. पण असं घर माणसाकडून चाकरी करून घेतं. एक वर्ष त्याच्याकडे दुर्लक्ष केलं की दुसऱ्या वर्षी ते गळतं, आणि दहा वर्षं केलं तर अंगावर येतं.

आमचे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, हे जाणून होते. मृग लागायच्या आधी त्यांचा एक नेम असे. माळवदावर उगवलेलं गवत मुळासकट उपटायचं. नवी पांढरी माती पसरायची, भिजवायची आणि चोपण्यानं चोपून बसवायची. पन्हळी मोकळ्या करायच्या. भिंतीला फुटलेली पिंपळाची रोपं उपटायची. शेवटी आपल्या भिंतीच्या लांबीइतकं बोळातलं गटार स्वतः उपसायचं. आम्ही चुलत-सख्खी सहा भावंडं. माती तुडवायचं काम आमच्याकडे. दादा घराच्या आत किती बघत ते आठवत नाही, पण बोळाच्या बाजूची भिंत रोज हात लावून बघत. आमच्या पन्हळीचं पाणी समोरच्याच्या भिंतीवर उडता कामा नये, हा त्यांचा कायदा. तो कुठे लिहिलेला नव्हता.

दादा १९७४ साली गेले. मागे अब्बा, चाचा आणि फुपू. आमच्या शरियतीप्रमाणे मुलाला दोन आणि मुलीला एक, असे पाच हिस्से झाले. अब्बांचे दोन, चाचांचे दोन, फुपूचा एक. हे सगळ्यांना ठाऊक होतं. मौलूदच्या दिवशी, लग्नाच्या बोलण्यात अभिमानानं सांगितलंही जायचं की आमच्या मजहबनं बाईला चौदाशे वर्षांपूर्वी हिस्सा दिला. पण सिटी सर्व्हेच्या कागदावर दादांचंच नाव राहिलं. वारस नोंद कुणी केली नाही. घरपट्टी दरवर्षी भरत होतो, पावती दादांच्या नावाची यायची. बहीण हिस्सा मागत नाही, मागू नये, असा आपल्याकडचा शिरस्ता. फुपूनं मागितला नाही. १९८२ मध्ये ती बेवा होऊन लहान मुलीसह परत आली, तेव्हा तिला मागची खोली मिळाली. ती खोली तिच्या हिश्श्याची आहे असं कुणी म्हटलं नाही. ठेवून घेतलं, असंच म्हटलं गेलं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आमचं गाव तिथून बरंच लांब, तरी भांडी मांडणीवरून खाली आली आणि बोळाच्या भिंतीला वरून खाली तडा गेला. किल्लारी आणि आसपासच्या गावांत आठ हजारांच्या आसपास माणसं मेली, त्यातली बहुतेक अशाच भिंतींखाली. पुढे इंजिनियर लोकांनी गावोगाव समजावून सांगितलं की या भिंतीला खरं तर दोन अंगं असतात, एक बाहेरच्या दगडाचं आणि एक आतल्या. मधे मातीची भर. दोघांना धरून ठेवणारा आरपार लांब दगड नसेल आणि आत पाणी मुरत राहिलं, तर दोन्ही अंगं एकमेकांना सोडतात आणि बाहेरचं पुढे येतं. अब्बांनी तडा चुन्यानं भरून घेतला. वरून भिंत नीट दिसू लागली.

अब्बा गेले, चाचा गेले, त्यांच्या मागोमाग आमच्या दोघी अम्मीही गेल्या. आम्ही सहाजण पुणे, सोलापूर, भिवंडी आणि कुवेत असे पांगलो. घरात राहिली फुपू आणि पुढच्या खोलीत एक भाडेकरू शिंपी, भाडं महिना दीडशे रुपये. माळवदावर माती टाकणारा गडी मिळेना, मिळाला तर परवडेना. आम्ही वर प्लास्टिकचा कागद अंथरून त्यावर विटा ठेवल्या. ईदला गेलो की फुपू दरवेळी बोळात नेऊन भिंत दाखवायची. भिंत मधोमध फुगत चालली होती. फुपू हसून म्हणायची, "बच्चो, दिवार पेट से है." आम्हीही हसायचो. शीरखुर्मा पिऊन संध्याकाळची गाडी धरायचो.

२०१६ च्या जूनमध्ये दरवाजावर नगरपालिकेची नोटीस चिकटवलेली आढळली. महाराष्ट्र नगरपरिषद, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५, कलम १९५. आपली इमारत धोकादायक झाली असून ती राहणारांना व रस्त्यानं जाणारांना अपायकारक आहे, सबब पंधरा दिवसांत धोकादायक भाग उतरवून घ्यावा अथवा दुरुस्त करावा, न केल्यास पालिका उतरवील व खर्च वसूल करील, जीवितहानी झाल्यास जबाबदारी आपली राहील. खाली मालकाचं नाव, दादांचं. बेचाळीस वर्षांपूर्वी दफन झालेल्या माणसाला पंधरा दिवसांची मुदत.

फुपूनं शिंप्याच्या पोराकडून नोटिशीचा फोटो काढून आम्हाला पाठवला. आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप केला. त्या ग्रुपवर तीन महिने जे चाललं ते आज वाचलं की मान खाली जाते. पहिलं मत असं पडलं की नोटीस आपल्या नावाची नाही, तेव्हा आपल्याला लागू नाही. दुसरं, हा बोळात समोर राहणाऱ्या अण्णांचा अर्ज असणार, त्यांना त्यांच्या मुलासाठी ही जागा हवी आहे. तिसरं, आपल्याच मोहल्ल्यात नोटिसा का? आमच्यातला सोलापूरचा भाऊ कामानिमित्त गावी गेला, तेव्हा पालिकेच्या फलकावर पावसाळ्याआधीची धोकादायक घरांची यादी त्यानं पाहिली. दोन पानं होती. पेठेतले वाडे होते, एका देवस्थानाची ओवरी होती, आमच्या मोहल्ल्यातली तीनच घरं होती. ते त्यानं ग्रुपवर लिहिलं. कुणी उत्तर दिलं नाही. चौथं मत खर्चाचं. पहिली शाखा म्हणाली, चाचांच्या मुलांनी सुरुवात करावी, त्यांच्यातला एक कुवेतला आहे. दुसरी म्हणाली, मोठ्यांनी पुढे व्हावं. शिंप्याला वाटत होतं की त्याला हुसकावण्यासाठी आम्हीच हा कागद आणला. तेही अगदीच वेडेपणाचं नव्हतं. असे कागद आणणारे मालक आहेतच.

या सगळ्यात फुपूला काय करायचं, असं कुणी विचारलं नाही. ती मालक कुठे होती?

तिनं मात्र नोटीस आपल्यालाच आली असं धरलं. बोळाच्या दोन टोकांना दोन बांबू रोवले आणि भिंतीपासून चार हातांवर आपली जुनी लाल ओढणी फाडून दोरीला बांधली. मदरशाची आणि पालिकेच्या शाळेची पोरं याच बोळातून जात. सकाळी आणि असरच्या वेळी ती बाज टाकून बसायची आणि पोरांना समोरच्या बाजूनं पाठवायची. एक भाजीवाला वर्षानुवर्षं रात्री आपली हातगाडी आमच्या भिंतीला टेकवून ठेवायचा. त्यालाही तिनं उठवलं. आम्हाला हे शिंप्याकडून कळलं, तेव्हा ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की फुपू लोकांत तमाशा करते आहे.

त्याआधीची दोन वर्षं कोरडी गेली होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीनं पाणी न्यावं लागलं होतं. उन्हानं मातीला भेगा पडल्या, प्लास्टिक चिरलं. आणि सप्टेंबरच्या शेवटी पाऊस असा लागला की थांबेना. बकरी ईद होऊन दोन आठवडे झाले होते. एका रात्री ईशानंतर तासाभरानं भिंतीचं बाहेरचं अंग दहा-बारा फूट लांबीचं बोळात आलं. आतलं अंग तसंच उभं राहिलं. बोळात माणूस नव्हतं. पावसामुळे गाडीवरचा ताडपत्रीचा आडोसा वाऱ्यावर उडू नये म्हणून भाजीवाल्यानं त्या रात्री गुपचूप गाडी पुन्हा भिंतीला लावली होती. गाडीचा चुरा झाला. वजनकाटा, ताडपत्री, कांद्या-बटाट्याची पोती, सगळं दगडाखाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं पोहोचलो. भाजीवाला दगडांवर बसला होता. भांडला नाही. गाडी इथे ठेवू नको असं सांगितलेलं असूनही ठेवली, म्हणून त्यालाच अपराधी वाटत होतं. आमच्यातल्या एकानं ती संधी साधून म्हटलं, "तुला फुपूनं बजावलं होतं ना?" तेव्हा फुपू आतून आली. रुमालात बांधलेले दोन हजार रुपये तिनं भाजीवाल्याच्या हातात ठेवले आणि आमच्याकडे वळून म्हणाली, "गाडी, काटा, माल, आठ दिवसांचा धंदा. दहा हजार होतात. पाचवा हिस्सा मेरा था, मैं दी. चार हिस्से तुमचे. निकालो."

आम्ही दिले. चाचांच्या मुलांनी चार, आम्ही चार.

मोहल्ल्याच्या मशिदीतल्या मौलानांना ही हकीकत कळली. जुम्म्यानंतर त्यांनी आम्हाला थांबवून घेतलं आणि कपाटातून हिदाया काढली. बाराव्या शतकातल्या मर्गीनानींचा हा ग्रंथ हनफी मदरशांतून शिकवला जातो. इंग्रजांनाही तो इतका उपयोगी वाटला की १७९१ मध्ये हॅमिल्टननं त्याचं इंग्रजी भाषांतर केलं. लग्न, तलाक, वारसा यांपलीकडे त्यात काही असेल असं आमच्या मनात कधी आलं नव्हतं. मौलानांनी दियतीचं प्रकरण काढलं, म्हणजे माणसाच्या जिवाच्या भरपाईचं. त्यात एक भाग चक्क कललेल्या भिंतीचा निघाला.

त्यांनी मसला सोपा करून सांगितला. भिंत रस्त्याकडे कलली, मालकाला ती उतरवायला सांगितलं गेलं, त्याला साक्षीदार आहेत, आणि उतरवता येण्याइतका वेळ असूनही त्यानं उतरवली नाही, तर तिच्याखाली जे जाईल, जीव असो की माल, त्याची भरपाई त्याच्यावर. सांगणारा मुसलमान असो की गैरमुस्लिम, दोघांचं सांगणं सारखंच, कारण रस्त्यावरून चालण्याचा हक्क सगळ्यांचा आहे. भाडेकरूला सांगून उपयोग नाही, कारण भिंत उतरवणं त्याच्या हातात नाही. आणि भिंत पाच जणांच्या मालकीची असेल, त्यातल्या एकालाच सांगितलं असेल आणि तिच्याखाली माणूस मेलं, तर इमाम अबू हनीफांच्या मते त्या एकावर दियतीचा पाचवा हिस्सा येतो.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. नोटीस म्हणजे सरकारी भाषेतला कागद, आपल्याशी त्याचा काय संबंध, अशी आमची समजूत. आणि इथे आठशे वर्षांपूर्वीचा फकीह कलम १९५ च्या जवळपासचीच गोष्ट सांगत होता. आधी सांगा, साक्षी ठेवा, मुदत द्या, मग जबाबदार धरा. अण्णांचा अर्ज म्हणून जो आम्ही गुन्हा ठरवला होता, तो त्यांचा हक्क होता. पाचातल्या एकाचा मसलाही पुस्तकात होता. फुपूनं तो वाचलेला नव्हता. चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली बाई. पण हिस्सा म्हणजे काय हे तिला आमच्यापेक्षा नीट कळलं होतं.

भिंत उतरवण्याची परवानगी घ्यायला पालिकेत गेलो, तेव्हा आमच्या घराची फाइल पाहायला मिळाली. त्यात नोटिशीच्या आधी एक अर्ज लावलेला होता. अक्षर अण्णांचं. ते आम्ही लहानपणापासून ओळखतो. आमचे शाळेतले दाखल्यांचे अर्ज त्यांनीच लिहून दिले होते. पण खाली सही फुपूची होती, थरथरत्या मराठी अक्षरांत पूर्ण नाव. मजकूर चार ओळींचा. या घराची बोळाकडील भिंत पडण्याच्या बेतात आहे, मुलं जातात येतात, घरच्यांना कळवलं आहे, ते बाहेरगावी असतात, तरी मेहरबानांनी बघावं. नात्याच्या ठिकाणी तिनं मुलगी लिहिलं नव्हतं, वारस लिहिलं नव्हतं. 'सदर घरात राहणार' एवढंच होतं.

घरी येऊन आम्ही तिला विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. रात्री जेवताना ती नेहमीसारखी वाढत होती. आपल्याच घराविरुद्ध अर्ज द्यायला ती समोरच्याकडे कुठल्या दिवशी गेली असेल, कितव्या ईदनंतर, हा विचार आमच्यातल्या प्रत्येकाच्या मनात आला, हे आम्ही पुढे एकमेकांना सांगितलं.

भिंत उतरवली. माळवद काढून वर पत्रे टाकले, दादांना आवडले नसते, पण आम्हाला सांभाळता येतील असे. नवी भिंत जुन्याच दगडांची, अर्ध्या उंचीची, दर काही हातांवर आरपार दगड घालून बांधली. खर्च एक लाख चाळीस हजार आला. फुपूनं आपले अठ्ठावीस हजार काढले, नवऱ्याच्या पेन्शनमधून आणि गोधड्या शिवून साठवलेले. आम्ही नको म्हटलं. आम्हाला वाटलं आम्ही मोठेपणा दाखवतो आहोत. ती म्हणाली, "हिस्सा होना तो बोजा बी उठाना." मग जरा थांबून म्हणाली, "और बोजा उठाई तो नाम बी लिखाना."

२०१७ मध्ये वारस नोंद झाली. मालमत्ता पत्रकावर दादांच्या नावाला कंस पडला आणि खाली आमच्या नावांबरोबर फुपूचं नाव आलं. पस्तीस वर्षं ती ज्या घरात 'ठेवून घेतलेली' होती, त्या घराची ती कागदावर मालक झाली, ते आधी भिंतीची भरपाई देऊन. उलटं व्हायला हवं होतं.

त्याच वर्षी ३१ ऑगस्टला मुंबईत भेंडीबाजाराजवळची हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसं गेली. २४ ऑगस्ट २०२० ला महाडची तारिक गार्डन पडली, १६ माणसं गेली. पहिली शंभरीच्या पुढची, दुसरी दहा वर्षांचीही नव्हती. म्हणजे प्रश्न केवळ जुन्या घरांचा नाही. महानगरपालिकांच्या कायद्यात तीस वर्षांपुढच्या इमारतीची तपासणी मालकानं किंवा राहणारांनी करून घ्यायची, असं कलम आहे. सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करायची, सी-२ म्हणजे मोठी दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ, अशा वर्गवाऱ्या आहेत. आपल्या वस्त्यांत या यादीत नाव आलं की पहिले प्रश्न तेच, जे आमच्या ग्रुपवर होते. तक्रार कुणी केली? आपणच का? यात फायदा कुणाचा?

हे प्रश्न खोटे आहेत असं आम्ही म्हणणार नाही. घर रिकामं केलेला भाडेकरू परत येतोच असं नाही. मुंबईच्या संक्रमण शिबिरांत लोकांच्या पिढ्या गेल्या आहेत. आणि अलीकडच्या वर्षांत नोटिशीचा कागद आणि बुलडोझर एकाच दिवशी आलेलेही देशानं पाहिले आहेत. शेवटी १३ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की पंधरा दिवसांची नोटीस दिल्याशिवाय घर पाडता येणार नाही. ती लढाई वेगळी आहे आणि ती लढलीच पाहिजे. पण त्या नोटिशीच्या भीतीआड या नोटिशीपासून लपायची सवय आपल्याला लागली, तर भिंत कुणाचा मजहब विचारून पडणार नाही. सफाई निस्फ ईमान आहे असं आपण वजूखान्यावर रंगवतो. रस्त्यातली इजा देणारी वस्तू दूर करणं हाही ईमानाचाच भाग असल्याची हदीस मुलांना पाठ करायला लावतो. त्या वस्तूत आपली स्वतःची भिंत, आपलं तुंबलेलं गटार, आपल्या रिकाम्या जागेतला उकिरडा आणि उघडी विहीर येते, हे मात्र कुणी सांगत नाही. हक्कुल इबाद म्हणजे बंद्यांचा हक्क. तो दाराच्या आत जितका, तितकाच दाराबाहेर.

फुपू २०२१ मध्ये गेली. तिच्या हिश्श्यावर आता तिच्या मुलीचं नाव लागलं आहे, चाळीसाव्याच्या आत. ते काम आम्ही स्वतः तलाठी चावडीपासून सिटी सर्व्हेपर्यंत फिरून केलं, आणि त्यात मोठेपणा वाटून घेतला नाही.

आता मृगाच्या आधीच्या रविवारी आमच्यातलं कुणी ना कुणी गावी जातं. पत्र्याचे खिळे बघायचे, पन्हळ साफ करायची, भिंतीला हात लावून बघायचं, आपल्या भिंतीइतकं गटार उपसायचं. फुपूची मुलगीही येते. खर्च पाच हिश्श्यांत लिहिला जातो, दोनशे रुपये असले तरी. मागच्या वर्षी गटार उपसत होतो तेव्हा भाजीवाला आला. तो आता म्हातारा झाला आहे, गाडी मुलगा लावतो. त्यानं भिंतीवर तळहात ठेवला, जरा दाबून पाहिला आणि विचारलं, "रात्रीची गाडी इथं लावली तर चालंल का?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मग फुपूच्या मुलीनं सांगितलं, "लावा मामू. पन्हळीखाली तेवढी लावू नका, भिजेल."